पहिल्या धारेचा अर्ज

सांगणार मारोती सखाराम, शिक्षण सातवी, धंदा अर्ज लिहिणे, बैठक तालुक्याच्या कचेरीसमोरील कडुनिंबाखाली. जिच्याविषयी सांगणे आहे ती सोनाबाई, गोंड समाजाची विधवा, राहणार पैनगंगाकाठची वस्ती. साक्षीदार रहीमभाई चहावाले, कारण अर्जावर त्यांचीच सही आहे. घटना यंदाची, मोहफुले वेचून वाळल्यानंतरची.

माझा जन्म फुलसावंगीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, भोयाच्या घरी. आजा डोंगा चालवायचा. तो सांगायचा की तेव्हा अल्याड इंग्रजांचं वऱ्हाड आणि पल्याड निजामाची मोगलाई, दोन्ही काठांवर नाके, पण गोंडांचे सोयरे दोन्हीकडे आणि मेलेली माणसंही दोन्हीकडे, म्हणून मोहाचं मडकं घेऊन ते डोंग्यात बसत. नाकेदार विचारायचा, इसमें क्या है. गोंड म्हणायचा, म्हाताऱ्याईचा वाटा हाय, मालक. म्हाताऱ्या म्हणजे पूर्वज. एवढं ऐकलं की नाकेदार तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचा, इकडचाही आणि तिकडचाही. दोन सरकारं होती साहेब, पण मेलेल्यांच्या वाट्याला कोणी हात लावला नाही.

तर ही सोनाबाई आली. नवरा वारलेला, त्याचा दगड बसवायचा होता. त्यांच्या वस्तीची रीत अशी की मोह गाळताना जी पहिली धार पडते ती दगडावर वाहायची, तेव्हा मेलेला माणूस पूर्वजांच्या पंगतीत बसतो. ती म्हणाली, भाऊ, मागच्या साली दारू पकडणारे आमच्या वस्तीतले मडके फोडून गेले, म्हणून आधीच इचारते. लिहा का म्हाताऱ्याईचा वाटा काढू द्या, एकच मडकं. मी म्हटलं, बाई, कचेरीत असली भाषा चालत नाही, मी व्यवस्थित लिहितो.

काय सांगू तुम्हाला, दोन पानं लिहिली. मोगलाईचा इतिहास घातला, सरहद्द घातली, आणि लाल शाईने लिहिलं की अर्जदार ही पिढीजात पहिल्या धारेची दारू गाळणारी असून तिला सदर कामी परवानगी मिळावी. रहीमभाई म्हणाले, मारोतराव, तुमचा अर्ज वाचता वाचता साहेब रिटायर होईन. सगळे हसले, सोनाबाईही हसली. मग तिने अंगठा लावला.

आठ दिवसांत त्यांची जीप वस्तीवर गेली. मडकं फोडलं, वाळलेली फुलं चिखलात ओतली, आणि गुन्ह्याला पुरावा म्हणून माझाच अर्ज जोडला. आरोपीने स्वतः लेखी कबूल केले आहे, असं त्यात आहे. ते मी वाचलं. पहिल्या धारेची म्हटलं की कचेरीला अड्डा दिसतो, हे मला, पंचवीस वर्षं याच झाडाखाली बसणाऱ्याला, कळू नये?

ती तारखेला येते, माझ्याजवळच बसते. मी म्हटलं, बाई, मले शिव्या दे. ती म्हणाली, कायले भाऊ, तुमी चांगलंच लिहिलं असन, मले कुठी वाचता येते. मग म्हणाली, माहा माणूस दाराशीच उभा हाय. म्हाताऱ्या त्याले आत घेऊन नाही राह्यल्या.

पाऊस तोंडावर आहे, त्याआधी दगड बसायला हवा. तो तिच्या अंगणात आडवा पडलेला आहे.

तुम्ही लिहून घेताच आहात, तर शेवट मी सांगतो तसा घ्या. सबब विनंती की, सदर अर्जातील शब्द अर्जदार बाईचे नसून लिहिणाराचे आहेत. तरी गुन्ह्यातून तिचे नाव कमी करून त्या जागी माझे घालावे, व तिला एक मडके गाळू द्यावे. उत्तर पावसाआधी द्यावे आणि सोप्या मराठीत द्यावे, कारण ते तिला मी वाचून दाखवणार आहे.