सैल करदोडा

हॅलो?… कोण?… व्हय, सोलापूरच. शकुंतलाच बोलते… नातेपुत्याहून ट्रंककॉल? जोडा की… हॅलो! दुर्गावन्सं, तुमी व्हय! अहो, शेजारच्या चन्नम्माकाकूंनी खिडकीतनं हाक मारली, तशी पिठाच्या हातानं पळत आले त्यांच्याकडं. काय झालं? आत्याबाई बऱ्या हायत न्हवं?

…रडत्यात? का?

…मी? मी उपाशी मारते? तुमच्या भावाला?

…अहो, ऐका तर… वन्सं, ऐका की… आन हळू बोला. पोस्टातली सगळी कान टवकारून उभी असतील. उद्या बाजारभर होईल, सोलापूरची सून नवऱ्याला उपाशी ठेवती म्हणून.

…करदोडा? व्हय, सैल झालाय. खोटं कशाला बोलू? पोळ्याला आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं कमरेला बांधला, तोच… परवा हे गावाकडं आले तवा बघितला व्हय? आत मूठ जाती? जाईना का! अहो, दरसाली नवा करदोडा बांधायचा, दोन बोटं जास्त लागला की गल्लीभर सांगत सुटायचं, पोराला शहर मानवलं म्हणून… मला काय ठाऊक न्हाय व्हय? यंदा उलटं झालं, एवढंच.

…व्हय, व्हय, बहात्तरच्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले तुमी. म्हणून तर पोट सुटलं की आत्याबाईंना बरकत आल्यागत वाटतं.

…खात्यात की! दोन भाकरी, पालेभाजी, वरण… तूप न्हाय… न्हाय, गूळ बी न्हाय. च्यात बी न्हाय… मीठ घालते अजून, काळजी करू नका.

…व्हय, कारखान्यात सायकलवर जात्यात… कारकून झाले म्हणून काय झालं? अक्कलकोट रोडला अख्खी एमआयडीसी सायकलवरच येती. टॉवेल विणणारे येत्यात, मग टॉवेल मोजणाऱ्याला काय धाड भरलीय?

…न्हाय हो, भांडण न्हाय… दृष्ट बी न्हाय… काय पाठवताय? डिंकाचे लाडू? डबाभर? नको, वन्सं. अजिबात नको… अहो, राग न्हवं… आता कसं सांगू बाई तुमाला… ह्यांनी मला शपथ घातलीय…

…घ्या! तुमी बी घातली उलटी शपथ.

…बरं. आत्याबाई कुटं हायत? बाहेर पायरीवर? मग ऐका. ह्यांना मधुमेह झालाय. तपासलं, तर लघवीत साखर सापडली.

…मी बी डॉक्टरांना हेच म्हणाले! आमच्याकडं मोटार न्हाय, बंगला न्हाय, हा शेटजींचा रोग आमच्या दोन खोल्यांत शिरला कसा? डॉक्टर हसले. म्हणाले, बाई, माझ्याकडं विड्या वळणाऱ्या बाया येत्यात, हमाल येत्यात. रोग काय घर बघून येत न्हाय.

…जाड कुटं हायत? तेच तर! हातपाय काडीवानी आन पोट तेवढं मडक्यागत पुढं. डॉक्टर म्हणाले, असलंच पोट वाईट. आज साखर, उद्या काळजावर येतं.

…व्हय. मामंजींचं बी असंच होतं… बेचाळिसाव्या वर्षीच गेले. मला म्हायती हाय. ह्यांना आता एक्केचाळिसावं लागलंय, वन्सं.

…रडू नका. भिंतीवरला फोटो मी रोज बघते. कोट घातलाय, पोटावर हात ठेवलाय. सगळी म्हणत्यात, कसला भरदार माणूस, कुणाची नजर लागली… मला भ्या वाटतं. लई भ्या वाटतं. ताटावरनं उठताना हे माझ्या तोंडाकडं बघत्यात, तवा मी भाकरीची दुरडी झाकते, वाढत न्हाय. आत्याबाईंनी कैदाशीण म्हणलं तरी चालंल. पांढऱ्या कपाळानं गुणाची सून म्हणवून घेऊन काय करू?

…ओ ऑपरेटर, तोडू नका! वन्सं, सांगा त्यांना, आणिक तीन मिनिटं… हां. झालं? बोला.

…कळलं कसं? तांब्या तोंडाचा सुटत न्हवता… व्हय, सारखं उठायचं… थकवा तर असा, जेवलं की बसल्या जागी डोळा लागायचा… चपलेनं अंगठा सोलला, दीड महिना झाला तरी भरंना… मोरीत? व्हय, मुंग्या येत होत्या.

…पण मुंग्यांचं तुमाला कुणी सांगितलं? मी तर बोलले न्हाय.

…वन्सं?

…तुमच्या बी मोरीत? किती दिवस झाले?

…दिवाळीपासनं! आन पायाला काय झालंय? चिंधी बांधून हिंडताय?… अहो, बारीक हाय म्हणून काय… पोट? पोट हाय न्हवं?… तीन बाळंतपणांचं हाय म्हणून सोडून द्यायचं व्हय?

…आत्याबाईंना सांगू नको? वा! भाऊ बी हेच म्हणतो, शब्दाला शब्द. एकाच आईची लेकरं, शोभता खऱ्या!

…न्हाय, काढा न्हाय. अंगारा बी न्हाय. उद्या पयल्या एष्टीनं हितं या… म्हशीची धार कुणी बी काढंल… आत्याबाईंना घेऊनच या. मी सांगते त्यांना, माझ्या तोंडानं. काय बोलायचं ते मला बोलू द्या… वन्सं, तुमी लग्नात मला हात धरून घरात आणलं, आता एवढं ऐका. या की. नुसतं व्हय म्हणा… व्हय म्हणा…

हॅलो?… हॅलो?… ऑपरेटर!

…काकू, तुटला फोन. व्हय म्हणाल्या का न्हाय, कळलंच न्हाय… एष्टी स्टँडला जायला टांगा मिळंल का आता? उद्याची वाट कशाला बघू? मीच जाते, दोघींना घेऊनच येते.