सायकलच्या पिशवीतून चोरीस न गेलेले सामान

पुरवणी जबाब, दि. २२/१०/२००४, सायंकाळी ५.४०

मी, ज्ञानदेव हौसराव नवले, वय २४ वर्षे, धंदा नोकरी, रा. केडगाव, ता. दौंड, जि. पुणे. समक्ष हजर राहून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहतो. रांजणगाव येथे एका कंपनीत पॅकिंगचे काम करतो. मला सायकल शर्यतींचा नाद आहे. आज सकाळी अकरा वाजता मी याच ठाण्यात तक्रार दिली होती की, माझ्या सायकलच्या शिटाखालील पिशवीतले सामान रशीद गुलाब मुलाणी, वय २५, रा. केडगाव, यांनी काढून घेतले. त्या तक्रारीत "सायकलचे किरकोळ सामान" असे लिहिले आहे. ते किरकोळ नाही, हे मी तेव्हाही सांगितले होते. एक जादा ट्यूब, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पंक्चरची ठिगळे, सोल्युशनची नळी आणि स्क्रू आवळायच्या पाच मापांच्या ॲलन-कीचा संच असे ते सामान होते. पंप दांड्याला क्लिपने लावलेला असतो. तो जागेवरच होता, पण नुसत्या पंपाने पंक्चर निघत नाही.

हवालदार भोंडवे यांनी विचारले, "येवढं शिटाखाली कशाला कोंबायचं? पाठीवर पिशवी घ्यायची, न्हाईतर हँडलला अडकवायची." याचे उत्तर मी दुसऱ्यांदा देत आहे. पाठीवरची पिशवी वाकल्यावर मानेवर येते. हँडलची पिशवी वळणावर झोके खाते. दांड्यात बसवायची पिशवी गुडघ्याला घासते, त्यात मी कातडे सोलून घेतलेले आहे. शिटाखाली दोन पट्ट्यांनी आवळलेली लहान पिशवी हीच बरोबर. मापाची मिळेना म्हणून ती रशीदने कॅनव्हासची शिवून दिली. त्याचे स्टेशनजवळ मोटारसायकलींची सीट कव्हरे शिवायचे दुकान आहे. आम्ही पहिलीपासून एका वर्गात होतो. माझ्या मनासारखी होईपर्यंत त्याने ती पिशवी तीनदा उसवली.

काल खंडेनवमीला पिशवीची एक पट्टी सैल झाली म्हणून मी सायंकाळी पाच वाजता सायकल रशीदच्या दुकानी ठेवली. सामान आतच होते. सहा वाजता सायकल घरी आणून पडवीत लावली. आज पहाटे निघताना पिशवी दाबून पाहिली. ती भरलेली लागली. उघडून पाहिली नाही.

सकाळी सात वाजता चौफुला ते शिरूर शर्यत सुरू झाली. पहिल्या तिघांची जिल्ह्याच्या चाचणीसाठी निवड होणार होती. न्हावरे सोडल्यावर मी तिसरा होतो. तेथे मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. आपले पंक्चर आपणच काढायचे असा नियम आहे. मी पिशवी उघडली तर आत चिंध्या. मागचे अकरा जण माझ्यासमोरून गेले. मी चिंध्या मुठीत धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो. चिंध्या म्हणजे शिवणारा, एवढेच माझ्या डोक्यात आले. दुधाच्या टेम्पोने परत आलो आणि घरी न जाता सरळ ठाण्यात आलो.

पोलिसांनी पावणेबारा वाजता रशीदला दुकानातून आणले. त्याआधी दुकानातले सर्व खोके रस्त्यावर पालथे केले. लोक जमले होते. ठाण्यात त्याने चिंध्या हातात घेऊन पाहिल्या व मला म्हणाला, "ज्ञानू, ह्या लुगड्याच्या चिंध्या हायत. माझ्या दुकानात रेग्झीन आन् कॅनव्हास सोडून कापडाचा तुकडा न्हाई. बघ तरी." मी बघितले नाही. मग तो म्हणाला, "आधी मला इचारायचं व्हतंस." त्याला बाकावर बसवून ठेवले. त्याचा रोजा होता आणि आज शुक्रवार, म्हणजे दुपारच्या मोठ्या नमाजाचा दिवस आहे. हे मला सकाळीही माहीत होते.

दुपारी चार वाजता मी घरी गेलो. आई सरूबाई देवापुढे बसली होती. विळा, खुरपे, वडिलांचे नट आवळायचे पाने आणि त्यांच्या शेजारी माझी ट्यूब, टायरच्या पट्ट्या, सोल्युशनची नळी, ॲलन-की, सगळ्यांवर हळदकुंकू. आई म्हणाली, "हत्यारं हायती म्हणून काल पुजंला मांडली. सायकल तुला लागणार म्हणून तेवढी पडवीतच ठिवली." मला का सांगितले नाही असे विचारता ती म्हणाली, "त्यात सांगायचं काय? दर साली मांडतेच की. आन् पिशवी पचकली आस्ती, येवढी देखणी शिवलेली, म्हणून गोधडीच्या चिंध्या घातल्या." मी आईवर ओरडलो. आजची दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. चिंध्या पाहिल्यावर मला ते आठवायला हवे होते. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

मी साडेचार वाजता परत आलो. ठाण्यात शस्त्रपूजन चालू होते. बंदुका मांडलेल्या असल्याने जबाब घेण्यास कोणी मोकळे नव्हते. रशीद बाकावरच होता. मी त्याला सगळे सांगितले. 

हवालदारांनी "गैरसमज झाला, आता माझी काही तक्रार नाही" असा जबाब लिहिण्यास घेतला. तेव्हा रशीद बाकावरून म्हणाला, "तक्रार न्हाई म्हंजी काय? उद्या लोक म्हणतील, आपसात मिटवलं. म्या चोरी केली न्हाई, असं लिवा." हवालदार म्हणाले, अशी पद्धत नाही. मी म्हणालो, जबाब माझा आहे, मी सांगतो तसे लिहा. म्हणून लिहून देतो की, रशीद गुलाब मुलाणी यांनी चोरी केलेली नाही. सामान माझ्या घरात होते. मी खोटा आळ घेतला.

जबाब वाचून दाखविताना सहा वाजून गेले होते; पुढचे माझ्या सांगण्यावरून सहीआधी जोडले आहे. रशीदचे वडील गुलाबचाचा खजूर व पाणी घेऊन फाटकाबाहेर उभे होते. त्यांच्यासोबत बाजारपेठेतली पाचसात माणसे होती. हवालदार म्हणाले, "जा आता, रोजा सोड." रशीद उठला नाही. चोरीचे वाक्य बाहेर ऐकू जाईल असे वाचा, आणि ते ज्ञानूने वाचावे, असे तो म्हणाला.

मी फाटकाशी उभे राहून ते वाक्य मोठ्याने वाचले. गुलाबचाचांनी मान खाली घातली होती, म्हणून मी ते पुन्हा वाचले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला आहे व खरा आहे.

सही: ज्ञानदेव हौसराव नवले