कौलाखालचा अंगठा

खोली रिकामी आहे हो, ती काय, समोरच आहे – पण आधी बसा, ताई, दम खा. किती दारांवरून परत आलात? चारच? मग गल्लीला अजून जोर चढलेला नाही म्हणायचा. आणि पहिला प्रश्न काय – कुठून आलात? नाव नाही, काम नाही, आधी कुठून. अहो, इथं कोण जमिनीतून उगवलंय? कौलांचा कारखाना निघाला तेव्हा इथं नुसता चिखल होता, आणि तो तुडवायला माणसं आणली ती बाहेरूनच. आम्हाला इथली भाषा येईना, मुकादमाला आमची – म्हणून त्यानं नियम काढला, ओल्या कौलाच्या पोटाशी ज्यानं त्यानं अंगठा दाबायचा, म्हणजे वाकडं निघालं तर कुणाचं ते कळेल. माझ्या बापाचा अंगठा अर्धाच, उरलेला यंत्रानं खाल्लेला – त्याचं कौल लांबून ओळखू यायचं. आता हे कमिटीचे अध्यक्ष, तुम्हाला ज्यांनी दारातूनच हात जोडले – चढा त्यांच्या छपरावर आणि कौल उलटं करा. माझ्या बापाच्या त्या अर्ध्या अंगठ्याखाली झोपतात, आणि सकाळी उठून म्हणतात, बाहेरच्यांनी गाव नासवलं. लाज कशाशी खातात, विचारा त्यांना.

तुम्ही बर्फाच्या कारखान्यात ना? म्हणजे आमची पोरं ज्याला हात लावत नाहीत ते काम. ती गेली परमुलखात. माझाही तिकडेच – त्यालाही कुणी खोली देईना, फोनवर रडला, चाळिशीचा बाप्या. त्या घरमालकाला मी इथून शिव्या घातल्या, त्याला काय ऐकू जाणार, तरी घातल्या.

कसला कागद? दाखवला तुम्हाला? – हो, आहेत सह्या. बाहेरच्यांना खोली द्यायची नाही म्हणून. दारावरची पाटी काय वाचता पुन्हा पुन्हा – तेच नाव. पहिली सही माझीच. बघू नका असं. अध्यक्ष स्वतः आले, तुम्ही बसलाय तिथंच बसले, म्हणाले, तुम्ही इथले मूळ रहिवासी, सुरुवात तुम्हीच करा. मूळ रहिवासी – साठ वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं, ताई. बाप गेला तेव्हासुद्धा ‘तो परका गेला’ एवढंच म्हणाले. मी पेन मागून घेतलं.

उठा आता. गल्लीपलीकडच्या घरातला पडदा हलला, दिसलं ना? तुम्हाला आत घेतलं की उद्या मी पुन्हा परका. पिशवी घ्या ती. जा म्हणतो ना.