खंडेनवमीचा डबा

(धार, दसऱ्याची दुपार. संध्याकाळी सरकारस्वारी सीमोल्लंघनाला निघणार आणि पालखीपुढे उजेड धरण्याचा मान मानाजी मशालजीचा. यंदा तेलाच्या मशाली गेल्या, इंदुराहून मोठ्या ऐटीत कार्बाइडचे गॅसदिवे आले. कार्बाइडच्या दगडावर पाणी पडलं की पेटणारा गॅस सुटतो; दिवे किती वेळ जळतील, हे डब्यात दगड किती उरलाय त्यावर. ओसरीवर साथीदार बापू डबा उचलून पाहतोय, बायको सुभद्रा आत स्वयंपाकात आहे, आणि मानाजीचं डोकं सकाळपासून तापलेलं आहे.)

मानाजी : भारी आहे, भारी आहे! मी विचारतो काय, तू सांगतोस काय? गॅस किती निघेल ते बोल.

बापू : अरे भिया, तेच तर बोलतोय ना! परवा सहज उचलला होता, आज कंबर मोडली. मतलब डबा भरेल आहे. चारी दिवे रातभर चालतील.

मानाजी : वापरलेला माल ठेवल्याजागी वाढतो होय रे? उघड.

बापू : अरे बाप रे! भिया, ह्याचा तर चुना झाला!

मानाजी : सरक, बघू दे. पीठ! वर सगळं पीठ! ह्याला पाणी लागलंय. कोणी हात लावला? बापू!

बापू : देवीची आण, मी नाही.

सुभद्रा : (बाहेर येत) ओरडता कशाला? मी लावला. काल खंडेनवमी नव्हती? मशाली होत्या तेव्हा मशाली पुजत होतो. आता हा डबा पोटाला घालतो, तर ह्याला तसाच ठेवू? झाकण काढलं, गंगाजळ शिंपडलं, पंचामृत वाहिलं.

मानाजी : आणि तुला काहीच कळलं नाही?

सुभद्रा : कळलं ना. सूं सूं आवाज आला, उग्र वास सुटला. मी हात जोडले. म्हटलं, पूजा पावली. मग झाकण सकाळपर्यंत उघडंच ठेवलं. देवाला कोंडायचं कसं?

मानाजी : अगं मूर्ख बाई, तो गॅस होता! सगळा उडून गेला! स्वारीपुढे अंधार झाला तर कारभारी आमचा मान काढून इंदूरच्या ठेकेदाराला देतील. तो टपूनच बसलाय. आजोबांपासून चालत आलेला मान तू पळीभर पंचामृतात बुडवलास!

बापू : वहिनी, एक सांगा. ओवाळलं पण का?

सुभद्रा : ओवाळणार नाही? इथेच, निरांजन घेऊन. पण वारा असा सुटला होता की जितक्यांदा लावलं तितक्यांदा विझलं. शेवटी नुसता नमस्कार केला.

बापू : भिया...

मानाजी : उघड्या डब्यावर निरांजन. सुभद्रा, ते विझलं नसतं तर भडका उडाला असता. तेव्हा आपली चिमी कुठे होती?

सुभद्रा : माझ्या मांडीवर.

बापू : भिया, तुम्ही खाली बसा.

सुभद्रा : बसू नका! आधी मला सांगा. एवढी आग घरात आणून ठेवलीत आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीत? मी विचारलं होतं, ह्यात काय असतं म्हणून. म्हणालात, बायकांना कळायचं काम नाही. आणि वर मूर्ख मीच? माझी लेक जळाली असती!

मानाजी : बापू, डबा अंगणात ने. चुलीपासून लांब.

बापू : नेतो. तळाशी थोडे खडे साबूत दिसतात. चाळून घेतो. चार नाही, पण दोन दिवे निघतील. पालखीपुढचे तरी.

मानाजी : दोन तर दोन. मी जाऊन कारभाऱ्यांना सांगून येतो.

सुभद्रा : सांगा की. बायकोने पाणी घातलं म्हणा. मी केलंय, मी भीत नाही कोणाला.

मानाजी : ते विचारतील, मानाजी, घरात सांगून ठेवलं नव्हतंस का? मग मी काय बोलू?