बंद केबिनमधला श्वास

हसू नका, पण नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये अंतराळवीरांच्या सरावाची केबिन बनते ना, तिथे हे घडलं. हवा गळते का ते बघायला आम्ही ती घट्ट बंद केली होती. आत फक्त हेल्मेट घातलेला, सीटला बांधलेला पुतळा. आणि स्क्रीनवर कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. म्हणजे आत कुणीतरी श्वास घेत होतं!

"शिंदेमामा, उघडा! माणूस गुदमरेल आत!" मी किंचाळले.

आमचे फिटर शिंदेमामा हसत उठले. "लई घाबरता ताई तुमी. सकाळच्या पूजेची उदबत्ती आत जळत ऱ्हायली आसंल."

दार उघडलं. उदबत्ती नव्हती, माणूसही नव्हता. पुतळ्याच्या हेल्मेटची काच मात्र आतून वाफेने पांढरी झालेली.

मामांचं हसू गेलं. हळूच म्हणाले, "आदी ह्याचे पट्टे सोडा."