उतारावरचं मायलेज

घाटमाथ्यावरच्या पंपावर नर्सबाई स्कूटर घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढच्या गाडीत नुकतंच पेट्रोल भरून झालं होतं आणि आतल्या नवराबायकोचं बोलणं आयतंच कानावर पडत होतं.

"आता सगळा उतारच. गाडी न्यूट्रल केली की तेल वाचतं."

"आणि माणसं?"

"मग काय करू?"

"गिअरमध्येच ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. इंजिनच गाडी धरून ठेवतं, तेलही फारसं जळत नाही."

"हे ज्ञान कुठलं?"

"ड्रायव्हिंग स्कूलचं. परवा लायसन्सही आलं."

"मला न सांगता? शिकलीस कधी?"

"दुपारी तुम्ही घोरत होतात तेव्हा. उतरा, मी चालवते."

दोन्ही दारं उघडली, जागांची अदलाबदल झाली.

"बरं, निदान एसी तरी..."

"बंदच ठेवते. तुम्ही खिडकी उघडा न् तोंड मिटा."

गाडी अलगद उताराला लागली. नर्सबाईंनी हसू लपवायला घाईघाईनं हेल्मेट चढवलं.