फ्रेमला लावलेला हात

— हो हो, मराठीच! बिल्ल्यावरचं नाव वाचलंत ना? नीलिमा. नाही, बोला की काका, बोलायला बंदी नाहीये, बसायला आहे — आठ तास उभं राहायचं, म्युझियमची सिक्युरिटी म्हणजे तेच. हे चित्र ना? मेक्सिकोच्या एका चित्रकाराचं. स्वतःचाच चेहरा काढलाय त्यानं आणि मागे ज्वालामुखी. डोंगरांचं वेडच होतं म्हणे, धूर निघायला लागला की लोक खाली पळायचे आणि हा रंग घेऊन वर. दाढी बघा आणि तो उतार बघा, एकाच राखाडीतनं काढलंय दोन्ही — हे माझं नाही हां, मागच्या आठवड्यात एक आजोबा आले होते, त्यांचं बोलणं.

मजाच झाली तेव्हा. आजोबा आपल्याकडचेच, जावयाचं जॅकेट घातलेलं, बाह्या दोनदा दुमडलेल्या. वीस मिनिटं नुसते बघत उभे. आणि मग काय करावं? बूट काढले, बाजूला नीट जोडून ठेवले, पुढे गेले, फ्रेमच्या खालच्या कडेला हात लावला आणि तो हात कपाळाला! नमस्कार हो, गुरूच्या तसबिरीला करतो तसा. अलार्म वाजला, सुपरवायझर धावत आला — तिकडे संगमनेरला एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं ना आजोबांनी, हे चित्र मासिकातनं कापून कपाटाच्या दारावर चिकटवलेलं. पोरांना सांगायचे, आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच रे, हा माणूस आपलेच डोंगर काढतोय —

मला कसं माहीत? त्यांनीच सांगितलं. नाही... त्या दिवशी माझ्याशी कुठले बोलतायत ते.

बाबा आहेत माझे. जनार्दन मास्तर.

घरी सांगितलंय ना मी, क्युरेटर आहे, इथली प्रदर्शनं मीच लावते म्हणून. सहा वर्षं सांगतेय. पहिल्या वर्षी त्या पोस्टला अप्लाय करतच होते मी, वाटलं होईलच, थोडं आधी सांगितलं एवढंच — तर त्यांनी शाळेत पेढे वाटले. आता ते परत कसं घ्यायचं, सांगा ना? यंदा आले चार महिने आमच्याकडे, इथल्या उपनगरात, मिसिसागाला, रोज म्हणायचे तुझं ऑफिस दाखव, आणि मी रोज मीटिंगमध्ये. शेवटी एकटेच निघाले, ती लोकलसारखी गो ट्रेन पकडून, विचारत विचारत. मी इथेच, ह्याच ब्लेझरमध्ये, त्या खांबाआड. लपले होते, हो, लपलेच होते — वीस मिनिटं. स्वतःशीच पुटपुटत होते ते चित्राबद्दल, सगळं ऐकू येत होतं. अलार्म वाजला तेव्हा बाहेर यावंच लागलं. मला बघून चेहरा इतका खुलला हो त्यांचा! आणि मी, सुपरवायझर शेजारी उभा — बाबांची लाज वाटली त्याच्यासमोर आणि माझी वाटली बाबांसमोर — मी म्हटलं, ‘सर, प्लीज स्टेप बॅक. डोन्ट टच.’

त्यांनी माझ्या बिल्ल्याकडे बघितलं. म्हणाले, ‘सॉरी, मॅडम.’

मॅडम! सख्खा बाप. बूट घालायला खाली बसले, नाडी बांधता येईना, आणि मी नुसती उभी. रिपोर्टही मीच लिहिला — वयस्कर व्हिजिटर, ओळख नाही. आणि घरी जेवताना देवेशला, माझ्या नवऱ्याला, काय सांगावं त्यांनी? ‘प्रदर्शन फार छान लावलंय हिनं. मीटिंगमध्ये होती, मी मुद्दाम भेटलो नाही.’ एक शब्द नाही मला, अजून नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं काका, मला माझीच किळस येते.

आज परत जातायत. देवेश नेतोय एअरपोर्टला. मी? मी सांगितलंय, मीटिंग आहे. सुट्टी मागितली तर मिळेल, पण का म्हणून विचारतील, मग बाबा आलेत हे सांगावं लागेल, मग रिपोर्टातले ते वयस्कर व्हिजिटर कोण — हो, कळतंय मला. जाते. खरंच जाते, आत्ता विचारते, तो बघा, आलाच सुपरवायझर —

‘नो, नो, एव्हरीथिंग इज फाइन. माय आइज? जस्ट ॲलर्जी... हू, हिम? माय फादर? ओ नो. माय फादर इज इन इंडिया.’

वॉशरूम, सर? स्ट्रेट, देन लेफ्ट.